विश्लेषण : ‘कार्टून’ समजून सोडून दिलेल्या मालिका… मोठ्यांनी पाहावे असे त्यांत काय आहे?

टॉमच्या डोक्यात हातोडा बसतो, भले मोठे टेंगूळ येते आणि पुढच्याच दृश्यात तो पुन्हा जेरीमागे धावू लागतो. कार्टून म्हटले की डोळ्यांसमोर येते ते हेच. तिथे कोणाला काही लागत नाही आणि लागलेच तर ते टिकत नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याच हलत्या चित्रांतून वेगळ्या जातीच्या मालिका आल्या. त्यांत लागलेले दुखत राहते, बोललेले परत घेता येत नाही, माणसे म्हातारी होतात, विसरतात, मरतात. चित्रे आहेत म्हणजे पोरांचे असणार, या समजुतीपायी आपल्याकडची बरीच मोठी माणसे त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्याच समजुतीपायी काही घरांत सात-आठ वर्षांची मुले नको त्या मालिकेसमोर निवांत बसलेली असतात. या मालिकांत नेमके काय आहे आणि त्या कोणी, कशा पाहाव्यात?

ॲनिमेशन मुलांचेच, हे ठरले कधी?

सुरुवात तशी नव्हती. अश्मयुगातल्या शेजाऱ्यांची ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका १९६० मध्ये अमेरिकेत ‘एबीसी’ वाहिनीवर सुरू झाली ती संध्याकाळी, घरातली मोठी माणसे टीव्हीसमोर बसण्याच्या वेळेत. तिच्या सुरुवातीच्या प्रायोजकांत ‘विन्स्टन’ ही सिगारेट कंपनी होती आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी चक्क झुरके घेत असत. भारतात १९९५ मध्ये ‘कार्टून नेटवर्क’ आल्यानंतर हीच मालिका आपल्या घरांत आली, तेव्हा मात्र ती मुलांची ठरली होती. मधल्या काळात अमेरिकी वाहिन्यांनी शनिवारची सकाळ स्वस्तात तयार होणाऱ्या कार्टून मालिकांनी भरून टाकली होती. मुले पडद्यासमोर, आईवडील अंथरुणात, अशी ती सोय होती. ‘कार्टून म्हणजे लहान मुले’ हे समीकरण पक्के झाले ते त्यातून. चित्रांच्या अंगभूत गुणांशी त्याचा काही संबंध नव्हता.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या कलाकारांना शिकवायला आले आणि जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ तयार झाला. पुढे याच विभागाने कुटुंबनियोजनासारख्या विषयांवरही ॲनिमेशनपट काढले, म्हणजे प्रेक्षक मोठाच गृहीत धरला होता. पण ते होते प्रबोधन, गोष्ट नव्हे.

जपानने वाट बदलली ती छापील चित्रकथांपासून. १९५७ च्या सुमारास योशिहिरो तात्सुमी या चित्रकाराने मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांना ‘गेकिगा’ हे वेगळे नाव दिले. पुढे तिथे प्रौढ वाचकांची स्वतंत्र चित्रकथा-मासिके निघाली, त्यांतल्या कथांवर मालिका बेतल्या गेल्या आणि वाहिन्यांनी त्यांना रात्री उशिराची वेळ दिली. वाचक मोठा झाला, तसा प्रेक्षकही झाला. आपल्याकडे ‘ॲनिमे’ म्हटले की अजूनही मारामारी आणि मोठ्या डोळ्यांच्या मुलीच आठवतात, तो भाग वेगळा.

शिव्या आणि रक्त म्हणजेच प्रौढ का?

१९८९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ आणि १९९७ मध्ये ‘साउथ पार्क’ आली. दोन्ही मालिकांनी अमेरिकी समाजाची यथेच्छ टर उडवली. मात्र त्यांच्या यशातून निर्मात्यांनी धडा घेतला तो सोपा : चित्रातल्या पात्राच्या तोंडी शिवी घातली की ते ‘ॲडल्ट’ होते. तसल्या मालिकांचे पीक आजही भरघोस आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला मोठे झाल्यासारखे वाटावे, एवढीच त्यांतल्या बऱ्याच मालिकांची प्रौढता.

खरी कसोटी दुसरीच आहे. बार्ट सिम्पसन १९८९ मध्ये दहा वर्षांचा होता आणि आजही तो दहाच वर्षांचा आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी पाटी कोरी होते आणि पुढच्या आठवड्यात सगळे पूर्वीसारखे सुरू होते. टॉमचे टेंगूळ आणि बार्टचे वय, गोष्ट एकच. पाटी कोरी करायला जी मालिका नकार देते, ती मोठ्यांची. मग तिच्यात एकही शिवी नसली तरी चालेल.

‘बोजॅक हॉर्समन’ (नेटफ्लिक्स, २०१४ ते २०२०, सहा पर्वे) हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. नव्वदच्या दशकात एका कौटुंबिक विनोदी मालिकेने प्रसिद्ध झालेला, आता पन्नाशीत दारू पीत बसलेला हॉलिवूडचा नट, अशी ही गोष्ट. नट घोडा आहे. त्याची एजंट मांजर आहे, प्रतिस्पर्धी कुत्रा आहे आणि त्यांच्यात माणसेही वावरतात. याचे कोणालाच काही वाटत नाही. पहिल्या पर्वात बोजॅक प्रेमाच्या आणि दारूच्या भरात डोंगरावरच्या ‘हॉलिवूड’ या प्रसिद्ध पाटीतले शेवटचे ‘डी’ अक्षर चोरतो. नेहमीच्या कार्टूनमध्ये ते अक्षर पुढच्या भागात जागेवर आले असते. इथे येत नाही. पुढची सगळी पर्वे पात्रे त्या गावाला ‘हॉलिवू’ म्हणतात. वर्तमानपत्रांत, दुकानांच्या पाट्यांवर, पत्त्यांत, सगळीकडे तेच. सुरुवातीला हसू येते. नंतर लक्षात येते, की बोजॅक लोकांशी जे वागला तेही असेच राहणार आहे. त्याने तोडलेली मैत्री, एका तरुण अभिनेत्रीच्या आयुष्याची केलेली वाताहत, यातले काहीच पुसले जात नाही. तो माफी मागतो, आणि समोरचा माणूस माफ करत नाही. माफी मागितली म्हणजे हिशेब मिटला, असे मानणाऱ्या दूरचित्रवाणीच्या जगात हे फार क्वचित दिसते.

राफेल बॉब-वॅक्सबर्ग या लेखकाने मालिका रचली, पात्रांना रूप दिले लिसा हॅनावॉल्टने. मालिकेत व्यसन, नैराश्य आणि आत्महत्या हे विषय सरळ येतात. त्या वळणावरून नुकतेच गेलेल्या कोणी ती एकट्याने, रात्री, सलग पाहू नये.

हे खऱ्या नटांकडून होत नाही का?

बरेचसे होते. पण काही गोष्टी चित्रालाच जमतात. ‘बोजॅक’च्या चौथ्या पर्वातल्या अकराव्या भागात त्याच्या आईचे आयुष्य दिसते, तेही तिच्या स्मृतिभ्रंश झालेल्या डोक्यातून. जुन्या आठवणींत ती फिरते. तिथल्या किरकोळ माणसांना चेहरेच नाहीत, कारण ते तिला आठवत नाहीत. घरकाम करणाऱ्या एका मुलीचा चेहरा तर रागाने पेन्सिल फिरवावी तसा खोडलेला आहे. तो का खोडला, हे उलगडते तेव्हा इतकी वर्षे दुष्ट वाटलेली ही बाई समजू लागते. ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेला आहे, त्यांना हे पंचवीस मिनिटांचे चित्रण ओळखीचे वाटेल. नट, प्रकाशयोजना, संकलन यांच्या जोरावर हा परिणाम साधता येईलही, पण खोडलेल्या चेहऱ्याइतका थेट नाही.

याच मालिकेत उलटा प्रयोगही आहे. पाचव्या पर्वाच्या सहाव्या भागात, सुरुवातीचा छोटा प्रसंग सोडला, तर बोजॅक आईच्या अंत्यविधीत उभा राहून बोलतो. बाकी काही नाही. ॲनिमेशनमध्ये काहीही दाखवता येते, आणि इथे दाखवला आहे फक्त एक बोलणारा मुलगा. एकपात्री नाटकाची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाने किमान हा भाग तरी पाहायला हवा.

‘अनडन’ (प्राइम व्हिडिओ, २०१९) मध्ये खऱ्या नटांचे चित्रीकरण करून त्यावर चौकटीमागून चौकट चित्रे काढली आहेत. या तंत्राला ‘रोटोस्कोपिंग’ म्हणतात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत राहणाऱ्या अल्माला मोटारीच्या अपघातानंतर मेलेले वडील दिसू लागतात आणि ‘काळात मागे जाऊन माझा मृत्यू टाळ’ असे सांगतात. तिच्या आजीला स्किझोफ्रेनिया होता. म्हणजे अल्माला खरोखर काही शक्ती मिळाली आहे, की तिचाही आजार सुरू झाला आहे? चेहरे खऱ्या माणसांचे आणि तरीही रंगवलेले. त्यामुळे प्रेक्षकाचा पायही अल्माइतकाच अधांतरी राहतो. पहिले पर्व आठ भागांचे, प्रत्येक भाग पाऊण तासापेक्षाही लहान. दुसऱ्या पर्वात ती संदिग्धता पातळ होते; पहिल्यावर थांबलात तरी चालेल.

मुलांची गोष्ट मोठ्यांची होते तेव्हा…

ओसामू तेझुका हे जपानी चित्रकथांचे पितामह. ‘ॲस्ट्रो बॉय’ हा त्यांचा यंत्रमानव मुलगा. १९६४-६५ मध्ये त्यांनी त्याची एक गोष्ट लिहिली : जगातल्या सर्वांत बलवान यंत्रमानवांना एक राक्षसी यंत्रमानव एकेक करून संपवतो आहे. मुलग्यांना आवडेल अशी मारामारीची गोष्ट. लहानपणी ती वाचलेल्या नाओकी उरासावा यांनी २००३ मध्ये ती पुन्हा लिहायला घेतली, ‘प्लूटो’ नावाने. त्यावरची आठ भागांची मालिका २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. प्रत्येक भाग तासाभराचा.

सांगाडा तोच. बदलले ते कोणाकडून पाहायचे. उरासावांनी मध्यभागी आणला युरोपोलचा यंत्रमानव गुप्तहेर गेझिक्ट. या सात यंत्रमानवांपैकी बहुतेक जण एका युद्धात लढून आले आहेत. एका राजवटीकडे महाविध्वंसक यंत्रमानव असल्याच्या आरोपावरून ते युद्ध झाले आणि तसे काही तिथे सापडले नाही. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तो कोणत्या आरोपावरून, हे त्या वर्षी वाचकांना सांगावे लागले नसणार.

पहिल्याच भागात स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वाड्यात अंध, चिडखोर, म्हातारा संगीतकार राहतो. त्याच्याकडे नोकर म्हणून येतो नॉर्थ नंबर टू. अंगावर लांब झगा, कारण खालचे सगळे शरीर शस्त्रांचे आहे. म्हातारा त्याला हाडतूड करतो. यंत्राला संगीत काय कळणार, हे त्याचे ठाम मत. आणि नोकराला शिकायचा आहे पियानो. का, तर त्याला पुन्हा रणांगणावर जायचे नाही. पुढे काय होते ते इथे सांगत नाही. एवढेच, की सातपैकी एक यंत्रमानव गेला, एवढीच जिची मूळ गोष्टीतली किंमत, त्या घटनेसाठी इथे गळा दाटून येतो. मुलांची गोष्ट आणि मोठ्यांची गोष्ट यांतला फरक याहून नेमका दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण. मालिकेचा शेवट मात्र घाईचा आणि थोडा भाबडा आहे.

‘प्लूटो’ आवडली तर उरासावांचीच ‘मॉन्स्टर’ (२००४-०५). डॉ. टेनमा हा जर्मनीत काम करणारा तरुण जपानी मेंदूशल्यविशारद. रुग्णालयाच्या प्रमुखाच्या हुकमावरून तो आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करतो आणि मजूर मरतो. पुढच्या वेळी तो हुकूम मोडतो. शहराच्या महापौराऐवजी, आधी आणलेल्या, डोक्यात गोळी लागलेल्या मुलाला वाचवतो. नऊ वर्षांनी कळते, की तो मुलगा थंड डोक्याने खून करत सुटला आहे. योग्य ते केले आणि त्याचे फळ हे. मग योग्य म्हणजे काय? ७४ भाग आहेत. मधले काही रेंगाळतात, पण रेंगाळताना गावोगावची साधी माणसे भेटतात आणि मालिकेचा जीव त्यांच्यातच आहे.

आवाज खाली असलेल्या मालिका कोणत्या?

रोजच्या धावपळीनंतर खून, सूड नको असतील तर ‘मुशिशी’ (२००५-०६, २६ भाग). गिंको हा फिरता वैदू. ‘मुशी’ म्हणजे ना प्राणी, ना वनस्पती, असे जिवाचे अगदी आदिम रूप. त्यांच्या संसर्गाने माणसांना चित्रविचित्र बाधा होतात : कोणाच्या कानात आवाज साठतो, कोणाची स्वप्ने खरी होतात. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र. गिंको कोणाला मारत नाही. मुशी वाईट नाहीत, त्या फक्त जगत आहेत, असे तो म्हणतो. कधी उपाय चालतो, कधी उशीर झालेला असतो. आजीने सांगितलेल्या गोष्टींतले गूढ आणि डॉक्टरची तटस्थता यांचे हे मिश्रण आहे. दिवा मालवून, शक्य तर मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर पाहावी. तिची निम्मी गंमत अंधाराच्या छटांत आहे.

आणि मग ‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’ (२०१६ आणि २०१७). नाव लक्षात राहणार नाही, लिहून ठेवा. राकुगो ही जपानची कथाकथनाची जुनी कला. एक माणूस गुडघे मुडपून बसतो. हातात पंखा आणि रुमाल. तेवढ्यावर तो दहा पात्रे उभी करतो. तुरुंगातून सुटलेला एक तरुण थेट नामांकित कलाकार याकुमोच्या दारात येतो : मला शिष्य करा. याकुमोने आजवर एकही शिष्य घेतलेला नाही. ही कला आपल्याबरोबरच संपावी, अशी त्याची इच्छा आहे. का, हे सांगण्यासाठी मालिका त्याच्या तरुणपणात जाते. तिथे आहे त्याचा गुरुबंधू सुकेरोकू. हा उधळ्या, बेशिस्त, पण लोकांचा लाडका. त्याचे म्हणणे, काळ बदलतो तशी कलाही बदलली पाहिजे. एकाची साधना आणि दुसऱ्याची उपजत देणगी. असूया, प्रेम आणि परस्परांवाचून न चालणे हे सगळे एकाच नात्यात. गुरू-शिष्य, घराणे, ‘आमच्यानंतर कोण’ हा प्रश्न, हे कीर्तन, तमाशा, संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. इथे राकुगोचे लांबलचक प्रयोग गोष्टीत होतात आणि ते आवाजाच्या कलाकारांनी खरोखर सादर केले आहेत. याकुमो तरुणपणी पहिल्यांदा सभागृह हसवतो, तो प्रसंग पाहताना आपलेही तळहात घामेजतात. माझ्या मते या लेखातल्या मालिकांत हीच सर्वांत श्रेष्ठ आणि सर्वांत कमी पाहिली गेलेली.

रक्तपात चालत असेल तर?

‘आर्केन’ (नेटफ्लिक्स, २०२१ आणि २०२४) एका व्हिडिओ गेमवरून निघाली, हे विसरून पाहावी. वरचे श्रीमंत शहर, खालची विषारी वस्ती आणि दोन ताटातूट झालेल्या बहिणी. पहिल्या पर्वाला २०२२ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. ‘ब्लू आय सामुराय’ (नेटफ्लिक्स, २०२३) ही बाहेरच्या जगाला दारे बंद केलेल्या जपानमध्ये निळे डोळे घेऊन जन्मलेल्या मिझूच्या सुडाची गोष्ट. तिलाही २०२४ मध्ये एमी मिळाला. लैंगिक दृश्ये आणि हिंसा भरपूर, पण पाचवा भाग पाहिल्यावर सूड हा तिच्यासाठी पर्याय होता की शिक्षा, असा प्रश्न पडतो. ‘प्रायमल’मध्ये (२०१९) आदिमानव आणि डायनासोर, दोघांनीही आपापली पिले गमावलेली. संवाद जवळपास नाहीतच. दुःखातून जुळलेली एवढी घट्ट मैत्री बोलक्या मालिकांतही कमी दिसते.

घरात मुले असतील तर काय पाहायचे?

मुखपृष्ठ-चित्रावर विसंबू नये, हे पहिले. ‘बोजॅक’चे चित्र पाहून ती मुलांची वाटणे अगदी साहजिक आहे. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना प्रत्येक मालिकेवर वयोगट दाखवावा लागतो : ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’. ‘यू/ए १३+’ पासून वर पालकांसाठी कुलपाची सोय देणे बंधनकारक आहे. ही खूण मालिका सुरू होताना पडद्यावर दिसते. दोन सेकंद थांबून वाचावी. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल आणि आपल्या प्रोफाइलला पिन, एवढे केले तरी बराच घोळ टळतो. मात्र वयोगटाची खूण दर्जा सांगत नाही. उथळ मालिका आणि ‘बोजॅक’ या दोघींवरही ‘ए’ असू शकते.

अशा मालिका कमी का?

वेळ आणि पैसा. ‘स्कॅव्हेंजर्स रेन’ (२०२३) परग्रहावर अडकलेल्या प्रवाशांची, बारा भागांची मालिका. तिथली सजीवसृष्टी इतक्या बारकाईने रचली आहे, की एखाद्या जीवशास्त्राच्या शिक्षकाने सुट्टी घेऊन पाहावी. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, तरी ‘मॅक्स’ने ती सोडली. पुढे नेटफ्लिक्सने दाखवली, पण दुसरे पर्व काही झाले नाही. चित्रे काढायला वर्षे लागतात आणि मंचांना आकडे हवे असतात पहिल्या काही आठवड्यांत.

आपल्याकडे मालिका दूरच राहिली, पण जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ आहे. २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट तोच होता. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणारी कमला आणि काश्मीरहून आलेला सलीम. चौकटीमागून चौकट रंगवलेली मुंबई, सिग्नलच्या गर्दीसकट.

सुरुवात कुठून करावी?

वेळ कमी असेल तर ‘प्लूटो’चा पहिला भाग, तो एकटाच लघुचित्रपटासारखा उभा राहतो. झोपण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे असतील तर ‘मुशिशी’, कुठलाही भाग, कुठल्याही क्रमाने. नाटक-संगीताची आवड असेल तर ‘राकुगो शिंजू’; तिचा पहिला भाग नेहमीपेक्षा दुप्पट लांब आहे, तयारीने बसा. आणि ‘बोजॅक’ लावली तर पहिले पाच-सहा भाग साधारण विनोदी मालिकेसारखे वाटतील, घोड्याची गंमतही लवकर जुनी होईल. तिथे बंद करू नका. ‘डी’ चोरीला जाईपर्यंत थांबा.